खारी हवा नव्हती ती

ही गोष्ट सांगायची मी वीसेक वर्षं टाळली. आधी वाटलं, विषय ताजा आहे, जरा निवू दे. मग वाटलं, निवलेला विषय आता कशाला उकरायचा. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग मुलाचं लग्न, मग करोना... टाळायचं म्हटलं की कारणं मिळत जातात. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि जिला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती, ती रेजिना गेल्या महिन्यात गेली.

बातमी आली तेव्हा मी दुकानात होतो. वसईला पापडीत आमचं काच आणि फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवलं, आता मुलगा चालवतो आणि मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. मुलाने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे नंदाखालहून पास्कल होता, रेजिनाचा मोठा भाऊ. "शेट, रेजी गेली. पहाटे," तो म्हणाला. "बायका विचारत होत्या, रिवाजाप्रमाणे खोलीतला आरसा झाकायचा का. मी म्हटलं, हात लावू नका त्याला." तो आरसा मीच लावला होता. त्याचं शेवटी सांगतो.

रेजिनाला आपल्याकडे बहुतेक लोक 'आरसेवाली' म्हणूनच ओळखतात. ती शिल्पकार होती. दगड, माती, धातू सगळं शिकून तिने आरसा हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिच्यावर पुरवण्यांमधून बरंच छापून आलं. एकाने लिहिलं की चंदनसारच्या फसलेल्या कामातून धडा घेऊन ती मोठी झाली. शोकसभेत मुंबईहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, वसईची खारी हवा हीच रेजिनाबाईंची सहशिल्पकार होती. टाळ्या नव्हत्या, शोकसभा होती, पण माना बऱ्याच डोलल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझीही मान हलली असेल, सवयीने.

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. चंदनसारचं काम तिच्या हातून फसलं नाही, आणि खाऱ्या हवेने तिच्या कामात काडीचीही मदत केलेली नाही. हे खोटं माझं आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आता कशाला? दुकानाचं नाव जाईल." जाऊ दे. तिचं गेलं होतं तेव्हा कोणाला झोप आली नाही असं मला आठवत नाही. ज्याला राग येईल त्याने दुकानात यावं. मी बसलेलोच असतो.

रेजिना पहिल्यांदा आमच्याकडे आली ती आईबरोबर, तसबीर फ्रेम करायला. ती लहान होती आणि तिने काहीही विशेष केलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आता लोक लहानपणच्या खुणा शोधत बसतात. पुढे मुंबईला कला महाविद्यालयात जायला लागल्यावर ती उरलेले काचेचे तुकडे मागायला यायची. एका दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. परत येऊन गल्ल्यावर बसलो, समोर बघितलं, तर पापडीच्या चर्चचा मनोरा! आमचं दुकान दहा बाय आठचं, तीन बाजूंनी भिंती, मनोरा दिसायचा काही संबंधच नाही. तिने विक्रीला ठेवलेले तीन आरसे जरा जरा सरकवून तो आत आणला होता.

"काका, दुकान तेवढंच आहे," ती म्हणाली, "पण आता मनोऱ्यापर्यंत तुमचं."

"आणि गिऱ्हाईकाने आरसा विकत मागितला तर?"

"मग मनोऱ्याचे वेगळे पैसे लावा."

ते तीन आरसे मी पुन्हा हलवले नाहीत आणि विकलेही नाहीत.

शिल्पकार म्हणजे पुतळे करणारा, अशी माझीही समजूत होती. मी तिला विचारलं, ह्यात तू घडवतेस काय? ती म्हणाली, "बाकीचे दगड कमी करतात, मी भिंत कमी करते." एका मंगल कार्यालयात मधोमध चार जाडजूड खांब होते, मागच्या लोकांना नवरानवरी दिसायची नाहीत. हिने खांबांना अशा कोनात आरसे लावले की खांब नाहीसेच झाले. पहिल्याच लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी समोरून येणाऱ्या माणसाला वाकून नमस्कार केला, तो तेच स्वतः. ते चिडले, मग हसले, मग सगळ्या वऱ्हाडाला हाताला धरून तिथे आणून दाखवत बसले. त्या कामाचे आरसे मी कापले, मीच बसवले. तिचं डोकं आणि माझे हात, असं मी ऐटीत सांगायचो. टोमणेही ऐकले. "लग्न जमेना म्हणून पोरगी आरशात बघत बसते," असं एक बाई माझ्याच दुकानात बोलल्या. रेजिना मागे उभी होती. म्हणाली, "मावशी, मी नाही बघत, मी फक्त लावते. तुम्ही मात्र आल्यापासून चार वेळा केस नीट केलेत."

मग चंदनसारचं काम आलं. तिथल्या एका सोसायटीत तळमजल्यावर अंधारी लांबट खोली होती. सगळे नोकरदार, कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, कोणी मुंबईची चाळ सोडून आलेले. घरं लहान, मुलांना अभ्यासाला जागा नाही, म्हणून ही खोली अभ्यासिका करायची ठरलं. पण तिला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका, तोही समोरच्या दोन इमारतींच्या फटीकडे. रेजिना स्टुलावर चढली, झरोक्यातून बराच वेळ बघत राहिली. खाली उतरून म्हणाली, "काका, तिकडे डोंगर आहे."

अकरा आरसे. दोन झरोक्यापाशी तिरपे, बाकीचे छताला आणि भिंतींना. कागदावर तिने रेघा मारून प्रत्येकाचा कोन काढला होता. कुठल्याही टेबलावर बसा, मान वर केली की डोंगराचा एक तुकडा समोर. उद्घाटनाच्या दिवशी सोसायटीचे चेअरमन शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "नऊ वर्षं राहतोय इथे... हा कुठे होता?" फाटकापाशी भाजी विकणारी एक म्हातारी आत डोकावली. ती पलीकडच्या भातशेतीच्या गावची. "बाय, ह्यो डोंगर आमच्याकडला. हितं कोनी आनला?" रेजिना म्हणाली, "मी." म्हातारी म्हणाली, "परत नेऊन ठेव हां. गुरं चरायची हायेत." ती अशी काही हसली की तिच्याबरोबर सगळी खोली हसली. मीही हसलो. पण आदल्या दिवशी मी काय करून ठेवलं होतं ते मला माहीत होतं.

आरशाच्या मागे जो लेप असतो त्याला आमच्या धंद्यात अजून पाराच म्हणतात. भिंतीला आरसा चिकटवायला सिलिकॉन वापरतात. त्यात दोन जाती. एकाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते झटकन धरतं, पण आरशाचा पारा खातं. लगेच नाही, महिन्यांनी. दुसरं बिनवासाचं, आरशाला निर्धोक, पण सुकायला वेळ घेतं. रेजिनाने मला कागद लिहून दिला होता: "काका, बिनवासाचंच. आंबट वास आला तर लावू नका. मागे बोटभर हवा ठेवा." तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. ती त्या दिवशी मुंबईला गेली होती, संध्याकाळी येणार होती. छताचा एक आरसा दोनदा घसरला. माझा जुना फिटर नानू शिडी धरून उभा होता. तो म्हणाला, "शेट, पोरगी तुमची मास्तरीण झाली काय?"

घाई होती, दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. घाई होतीच. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे की मी तीस वर्षं काच कापत होतो, माझे वडील त्याआधी, आणि जिला मी उरलेले तुकडे फुकट दिले ती मला कागदावर लिहून शिकवत होती. पिशवीत बाथरूमच्या काचांसाठी आणलेल्या आंबट सिलिकॉनच्या नळ्या होत्या. मी त्या काढल्या. घसरलेल्या एकाच आरशाला नाही, अकराच्या अकरांना. वडिलांच्या पद्धतीने: चार कोपऱ्यांत चार ठिपके, मधे एक. मी डावखुरा, मधला ठिपका लावून हात उचलताना त्याला डावीकडे एक शेपूट येते. स्वल्पविरामासारखी. ती सवय मला आयुष्यभर गेली नाही.

संध्याकाळी पंखा लावून मी खोली हवेशीर केली होती, तरी दारातच ती थबकली. "काका, आंबट वास येतोय."

मी म्हणालो, "नानूने लोणच्याचा डबा उघडला होता."

ती हसली. तिने विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता, मी तिचा काका होतो.

दोन पावसाळे गेले आणि डोंगराला भोकं पडायला लागली. प्रत्येक आरशात पाच काळे डाग. मग ते पसरले. सोसायटीत कुजबुज सुरू झाली, मुलांच्या खोलीत काळे पडलेले आरसे बरे नव्हेत म्हणून. एका रविवारी सकाळी सभा बोलावली, रेजिनाला आणि मला बोलावणं. एक जण म्हणाला, हलका माल. दुसरा म्हणाला, बाईंना कलेतलं कळतं, टिकाऊपणातलं नाही. मग चेअरमन माझ्याकडे वळले. "तुम्ही जाणकार आहात काका. तुम्हीच सांगा, काय झालं?"

तेव्हाच मी सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "आपल्याकडची हवा खारी. आरसे टिकत नाहीत. मी त्यांना आधीच बोललो होतो."

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

रेजिना माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, एखादा कोन जुळत नसला की ती बघायची तसं. मग सगळ्यांना म्हणाली, "काका म्हणतात ना हवा, मग हवाच."

आरसे उतरवायचं काम मलाच मिळालं. टेम्पोत ती मागे बसली, आरशांना धरून, चंदनसारपासून नंदाखालपर्यंत. तिच्या घरामागे केळीची वाडी आहे, तिथे आम्ही ते उतरवले. एक आरसा पालथा करून ती उभी राहिली. मागे सुकलेले पाच ठिपके, मधल्याला शेपूट. तिने नखाने एक गोळा खरवडून काढला, नाकाशी नेला. इतक्या दिवसांनी वास कुठला यायला! पण तिला वासाची गरज नव्हती.

"काका," ती म्हणाली, "लोणचं चांगलं मुरलंय."

आणि गोळा खिशात टाकून चहा ठेवायला आत गेली. मी चहा प्यालो. दोन कप. पास्कलशी केळीच्या भावाबद्दल बोललो आणि घरी आलो.

त्यानंतर सात वर्षं आपल्या वसई-विरारमध्ये तिला कोणी काम दिलं नाही. ठरलेलं एका सभागृहाचं काम निघून गेलं. "त्यांच्या आरशांचा पारा उडतो," हे सगळ्यांना पाठ झालं होतं. ती मुलांना चित्रकला शिकवत राहिली. माझं नाव घेतलं असतं तर एका दिवसात चित्र पालटलं असतं. तिच्या खिशात पुरावा होता. तिने तो कोणाला दाखवला नाही. ह्याला काही लोक क्षमा म्हणतील. ती क्षमा नव्हती, तिला ओळखणाऱ्याला हे कळेल. क्षमा केली असती तर ती विसरली असती. ती वाट बघत होती, मी बोलायची. आणि तोवर ती हात बांधून बसली नाही.

तिने ते अकरा खराब आरसे केळीत उभे केले. आज ज्या कामासाठी लोक लांबून येतात ते हेच. वीस पावलांची वाडी, पण आत शिरलं की केळी संपतच नाहीत. पानामागे पान, त्यामागे आभाळ, त्यात आपण पाच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी चेहऱ्यात एक काळं भोक. पास्कलचा कोंबडा पहिला आठवडाभर रोज अकरा कोंबड्यांशी भांडायला जायचा. "हरतो, पण जातो रोज," पास्कल सांगायचा. जाणकारांनी काळाबद्दल लिहिलं, समुद्राबद्दल लिहिलं, क्षयाच्या सौंदर्याबद्दल लिहिलं. मी वर्षभर गेलो नाही. गेलो तेव्हा तिने स्वतः फिरवून दाखवलं. प्रत्येक आरशात मधल्या डागाला उजवीकडे एक बारीक शेपूट. मागून डावीकडे, म्हणजे समोरून उजवीकडे. अख्ख्या जगासमोर माझी सही टांगलेली होती आणि ती वाचता येणारे आम्ही दोघंच.

"नाव कसं वाटलं, काका?" तिने विचारलं.

केळीच्या तोंडाशी पाटी होती: 'खारी हवा'.

"चांगलं आहे."

"तुम्हीच दिलंय."

म्हणून सांगतो, जाणकारांनो, तो समुद्र नव्हता. ते डाग पडायला काळही लागला नाही, दोन पावसाळे लागले आणि एका माणसाचा ताठा. तुमचे लेख फाडा असं मी म्हणत नाही. पण तिने निसर्गाच्या हाती काम सोपवलं असं लिहू नका. निसर्गाने तिचं काहीच केलं नाही. एका ओळखीच्या माणसाने तिचं काम बिघडवलं, वर तिलाच अडाणी ठरवलं, आणि तिने ते बिघडलेलं काम त्याच्याच खोट्याचं नाव देऊन उभं केलं. हे मला त्या सगळ्या क्षयापेक्षा मोठं वाटतं.

सगळ्यात अवघड गोष्ट ही की तिने दुकान बदललं नाही. पुढची सगळी कामं, पुण्याची, बडोद्याची, परदेशी गेलेली, सगळ्यांची काच आमच्याकडून गेली. प्रत्येक वेळी मापांचा कागद यायचा आणि सगळ्यात खाली एक ओळ असायची: "लोणचं नको." पुढे कागद जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आलं, तरी ती ओळ यायचीच. मुलाला वाटायचं ही आमची काही जुनी गंमत आहे. तो हसायचा. मी गोंद तपासायचो, नळी उघडून वास घ्यायचो, दोनदा. आणि प्रत्येक वेळी ठरवायचो, ह्या खेपेला माल पोचवायला मी स्वतः जाईन आणि बोलेन. जायचो. माल उतरवायचो. केळीचे भाव विचारायचो.

ह्या उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटचा निरोप आला. आजाराने तिला उठवत नव्हतं. पलंग खिडकीपासून लांब होता, हलवला तर सलाईनच्या नळ्या हलायच्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर दीड फुटांचा एक आरसा हवा होता, पलंगावरून वाडी दिसेल असा. कोन तिने झोपल्या झोपल्या काढला होता. खाली ओळ होतीच. मुलगा म्हणाला, फिटर पाठवतो. मी म्हटलं, मी जाणार.

जुनी भिंत, चुन्याची, ओबडधोबड. आरसा धरून ठेवायला लावलेली चिकटपट्टी धरेना. बिनवासाचं सिलिकॉन लावलं, आरसा टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबून उभा राहिलो. माझी पाठ तिच्याकडे, पण आरशात ती मला दिसत होती आणि मी तिला. आमच्या दोघांच्या मागे खिडकी, खिडकीत केळी, केळीत लांब कुठेतरी त्या अकरांतला एक चमकत होता. खोलीत आम्ही दोघंच. पास्कल पाण्याला मोटर लावायला गेला होता.

"काका, हात काढू नका. ओला आहे अजून."

"नाही काढत."

"किती वेळ लागेल?"

"लागेल जरा. हे सावकाश धरतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग डोळे न हलवता, आरशातून माझ्याकडे बघत, "मला कुठे जायचंय? तुम्ही सावकाश..."

मी तिथे पाऊण तास उभा होतो. तिने मला पाऊण तास दिला. कोन असा काढला होता की मला तोंड लपवता येऊ नये. आता मला वाटतं, तो आरसा वाडीसाठी होता तितकाच माझ्यासाठी होता. माझं तोंड दोनदा उघडलं, तिने ते बघितलं. मी म्हणालो, "केळी ह्या वर्षी चांगली आहे." ती म्हणाली, "हो. चांगली आहे." आणि डोळे मिटले.

परवा मी पुन्हा नंदाखालला गेलो. पलंग काढलाय. खोली रिकामी आहे, आरसा भिंतीवर घट्ट आहे, पारा स्वच्छ, एकही डाग नाही. पास्कल म्हणाला, "शेट, बसा, चहा सांगतो." मी बसलो नाही. पलंग होता तिथे उभा राहिलो, आणि आरशात केळी दिसली, अकरांतला तो एक दिसला. तोंड उघडलं, तर तेवढ्यात पास्कल चहा घेऊन आला. म्हणून इथे लिहितो.

रेजिना, चंदनसारला आंबट सिलिकॉन मी लावलं. तुझा कागद माझ्या खिशात होता, मी तो वाचला होता. लोणचं नव्हतं. मी तुला आधी काही बोललो नव्हतो, सभेत मी खोटं बोललो. हवा खारी नव्हती, पोरी. माझं चुकलं.